शील आणि शिपाई: नशाबंदीचा कायदा राज्यघटनेच्या मर्यादेत बसतो काय?

मद्य चांगले की वाईट, हा वाद या लेखात नाही. आपल्यापुरता तो वाद १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला मिटला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांकडून ज्या बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, त्यांत मद्यत्यागाची प्रतिज्ञा आहे; पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली, त्यांना हे निराळे सांगावयास नको. प्रश्न आहे तो पुढचा. आपण जे स्वखुशीने सोडले ते शेजाऱ्यानेही सोडावे म्हणून सरकारने त्याच्या घरात शिपाई घुसवावा काय? आणि घुसविलाच, तर त्या शिपायाचे हात राज्यघटनेने कोठवर बांधलेले आहेत?

हा प्रश्न उच्चारला की आपल्यातलेच काही सज्जन अस्वस्थ होतात. दारूबंदीच्या कायद्यावर टीका करणारा तो दारूचा वकील, असा त्यांचा हिशेब असतो. हा हिशेब साफ चुकीचा आहे. चोरी वाईट म्हणून चोरीच्या आरोपीला पुराव्यावाचून तुरुंगात टाकावे, असे कोणी म्हणत नाही. खून वाईट म्हणून खुन्याच्या बायकोलाही बेडी घालावी, असेही कोणी म्हणत नाही. मग नशेचा विषय निघाला की पुरावा, जामीन, आरोपीच्या निरपराधित्वाचे गृहीतक ही सारी घराबाहेर का काढली जातात? नशेला आळा घालण्याचा अधिकार घटनेने सरकारला दिला आहे, हे मला मान्य आहे. तो अधिकार बजावताना फौजदारी न्यायाची मूलतत्त्वे उलटी करण्याची मुभा मात्र घटनेने कोणालाही दिलेली नाही. आजवरच्या नशाबंदीच्या कायद्यांनी ती वारंवार उलटी केली आहेत, आणि त्या उलट्या न्यायाचा वरवंटा फिरतो तो आपल्या वस्त्यांवरून.

प्रथम घटनेचे कलम पाहू. अनुच्छेद ४७ सांगतो की, राज्याने जनतेचे पोषण, राहणीमान व आरोग्य सुधारण्याचे काम आपले प्राथमिक कर्तव्य मानावे आणि विशेषेकरून मादक पेये व आरोग्यास अपायकारक द्रव्ये यांच्या सेवनाला, औषधी कारण वगळता, बंदी करण्याचा प्रयत्न करावा. दारूबंदीचे पुरस्कर्ते या वाक्याचा उत्तरार्ध तोंडपाठ म्हणतात. पूर्वार्ध विसरतात. पोषण आणि राहणीमान हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य होय. बंदी हा त्या कर्तव्याचा एक भाग होय. कुपोषित मुलाच्या घरी सरकारचा माणूस दूध घेऊन कधी आला नाही; बापाच्या तोंडाचा वास घ्यावयास मात्र तो रात्रीही येतो.

शिवाय अनुच्छेद ४७ हा मार्गदर्शक तत्त्वांतला आहे. अनुच्छेद ३७ प्रमाणे ही तत्त्वे न्यायालयामार्फत बजावून घेता येत नाहीत. उलट अनुच्छेद १३ असे बजावतो की, मूलभूत हक्कांशी विसंगत असणारा कायदा त्या विसंगतीपुरता शून्य होय. ध्येय ४७ मध्ये आहे; त्या ध्येयाकडे जाण्याच्या रस्त्याचे कुंपण १४, १९, २०, २१ आणि २२ मध्ये आहे. ध्येय पवित्र आहे म्हणून कुंपण मोडता येते, हा विचार घटनेचा नव्हे.

हे कलम घटनेत कसे आले तेही आपल्या लोकांनी जाणून घ्यावे. मूळ मसुद्यात नशाबंदीचा शब्द नव्हता. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत दुरुस्तीच्या रूपाने तो आला. कोल्हापूरचे बी. एच. खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने त्यास विरोध केला. आदिवासींचे पुढारी जयपाल सिंग यांनी तांदळाच्या मद्याचे आपल्या लोकांच्या जीवनातील स्थान सांगून विरोध केला. मद्रासचे व्ही. आय. मुनिस्वामी पिल्ले हे अस्पृश्य समाजातले सभासद दुरुस्तीच्या बाजूने उभे राहिले, कारण दारूने आपल्या समाजाची केलेली नासाडी त्यांच्या डोळ्यांपुढे होती. बाबासाहेबांनी दुरुस्ती स्वीकारली. स्वीकारताना त्यांनी हेही स्पष्ट केले की, हे मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे अमुक वेळी बंदी केलीच पाहिजे अशी सक्ती त्यातून राज्यावर येत नाही, आणि आदिवासी क्षेत्रांसाठी घटनेत वेगळी व्यवस्था आहे.

पुढे तीनच वर्षांनी, १९५१ साली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला. त्यात बाबासाहेबांच्या पक्षाने दारूबंदीच्या कायद्यावर उघड हल्ला चढविला. लोककल्याणाला लागणारा महसूल यात बुडतो, पोलिसांचा खर्च वाढतो आणि दारू गाळणे हा घरगुती धंदा होऊन बायकामुलेही त्यात ओढली जातात, असा त्यातील युक्तिवाद आहे. १९५१ साली हे लिहिणाऱ्या पुरुषाने १९५६ साली मद्यत्यागाची प्रतिज्ञा दिली. यात विसंगती पाहणाऱ्याला शील आणि कायदा यांतला भेदच कळलेला नाही. पाचवे शील ग्रहण करताना आपण प्रथमपुरुषी क्रियापद वापरतो. मी विरत राहण्याचे शिक्षापद ग्रहण करतो, असे म्हणतो. त्याला विरत करतो, असे म्हणत नाही. शिपायाच्या दंडुक्याला भिऊन न पिणारा मनुष्य शीलवान होत नाही. तो फक्त सावध होतो.

आता न्यायालयांकडे वळू. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. एका पारशी नागरिकाने, बलसारा यांनी, त्यास आव्हान दिले. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. कायद्याचा मुख्य सांगाडा न्यायालयाने वैध ठरविला, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. पण सरकारने त्या सांगाड्यावर जे जे लादले होते, त्यातले पुष्कळसे न्यायालयाने कापून काढले. अल्कोहोल असलेली औषधे आणि यू-डी-कोलनसारखी सुगंधी द्रव्ये बाळगण्यास व वापरण्यास असलेली बंदी उडाली. मादक पदार्थाची नुसती स्तुती करणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरविला होता. ते भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून उडाले. दारूबंदीच्या हिताला बाधक वागतो, एवढ्या समजुतीवर माणसाला अटक करण्याचा अधिकारही उडाला. घटना अंमलात येऊन दीड वर्ष झाले नव्हते आणि सरकारने एका नैतिक हेतूच्या नावाखाली बोलणे, औषध घेणे आणि मोकळे फिरणे या तिन्हींवर हात टाकला होता! हेतू जितका पवित्र, तितका सरकारचा हात लांब, हा पहिला धडा तेव्हाच मिळाला.

दुसरा धडा पेसीकाका खटल्याचा आहे आणि वकील या नात्याने तो मला अधिक मोलाचा वाटतो. मे १९५१ मध्ये एका सरकारी अधिकाऱ्याच्या जीपने कुलाब्यात तिघांना धडक दिली. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्याने सांगितले की, मी अल्कोहोलयुक्त टॉनिक घेतले होते. दंडाधिकाऱ्याने दारूबंदीच्या आरोपातून त्याला सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न वरवर क्षुल्लक होता. पोटातला अल्कोहोल टॉनिकचा की बंदी असलेल्या दारूचा, हे कोणी सिद्ध करावयाचे? १९५४ साली घटनापीठाने उत्तर दिले की, बलसारा निकालानंतर औषधी द्रव्यांपुरती ती बंदीच अस्तित्वात उरलेली नाही. सबब आरोपीने बंदी असलेले मद्यच घेतले, हे सरकारने सिद्ध केले पाहिजे. आरोपी निर्दोष सुटला. त्याच निकालात न्यायालयाने असेही मत दिले की, मूलभूत हक्क हा नागरिकाने मनात आले म्हणून सोडून देण्याजोगा जिन्नस नव्हे.

सरकारने यावर काय केले? १९५९ साली कायद्यात दुरुस्ती केली. रक्तात अल्कोहोलचे प्रमाण ०.०५ टक्क्यांहून कमी नाही असे दिसले, की ते औषध होते हे सिद्ध करण्याचे ओझे आरोपीच्या डोक्यावर! न्यायालयाने जे ओझे सरकारच्या खांद्यावर ठेवले होते, ते विधिमंडळाने उचलून नागरिकाच्या डोक्यावर दिले. त्याच कायद्याचे कलम १०३ तर आधीपासूनच सांगते की, मादक पदार्थ किंवा गाळण्याचे साहित्य जवळ सापडले आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा घडला असे मानावे. समाधान कोणाचे? जीपमधल्या साहेबाला दिल्लीपर्यंत वकील नेता आला. झोपडीतल्या म्हातारीने घरातल्या पिंपाचा खुलासा कोणत्या भाषेत आणि कोणापुढे करावा?

या कायद्याची थट्टा पुढेच आहे. हा अधिनियम महाराष्ट्रात आजही जिवंत आहे. त्याच्या नावात दारूबंदी आहे आणि त्याच्याच आधाराने राज्य सरकार दारूची दुकाने चालवू देते, परवाने देते आणि उत्पादन शुल्काचा अफाट महसूल गोळा करते. कायद्याच्या अक्षराप्रमाणे पिणाऱ्याजवळ परवाना पाहिजे. मोठ्या हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकाला तो परवाना कोणी विचारल्याचे आपण पाहिले आहे काय? ज्याला केव्हाही पकडता येते पण ज्याला पकडावयाचे त्यालाच पकडले जाते, अशा अवस्थेला कायद्याचे राज्य म्हणत नाहीत. अनुच्छेद १४ चा कायद्यापुढील समतेचा हक्क हॉटेलाच्या दाराशी एक अर्थ सांगतो आणि पारध्यांच्या पालाशी दुसरा.

फौजदारी न्यायालयांत वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा. हातभट्टीच्या खटल्याचे कागद छापील नमुन्यासारखे असतात. गुप्त बातमीदारामार्फत बातमी मिळाली, पंचांसमक्ष छापा टाकला, प्लॅस्टिकचा कॅन, इतके लिटर उग्र वासाचे द्रव, काळा गूळ, नवसागर. नमुना काढून बाकीचा मुद्देमाल जागच्या जागी नष्ट केला. पंच पुष्कळदा तेच ते, ठाण्याच्या ओळखीचे. माल नष्ट झाल्यावर उरतो तो पंचनामा, आणि पंचनाम्याखाली अंगठा. मग जामीन. जामीनदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा, सातबारा हवा. भूमिहीनाने सातबारा कोठून आणावा? १९७८ साली मोतीराम या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. त्याला १०,००० रुपयांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कठोर शब्द लिहिले आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्यास सोडविले. त्या निकालाला चार दशकांहून अधिक काळ लोटला. तरी जामीन मंजूर होऊनही जामीनदाराअभावी आत बसलेली माणसे तुरुंगात आहेतच.

ज्यांना वाटते की हा सारा भूतकाळ आहे, त्यांनी बिहारकडे पाहावे. तेथे एप्रिल २०१६ मध्ये संपूर्ण दारूबंदी जाहीर झाली. ३० सप्टेंबर २०१६ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने ती अधिसूचना आणि तिच्यामागच्या कठोर तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. दोनच दिवसांनी, २ ऑक्टोबर रोजी, सरकारने नवा कायदा अंमलात आणला. आणि ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या निकालास स्थगिती दिली. या नव्या कायद्यात काय होते? घरात बाटली सापडली तर घरातल्या प्रौढ माणसांना ती ठाऊक होती असे गृहीत धरावे. घर जप्त करता यावे. गावावर सामुदायिक दंड बसविता यावा. सामुदायिक दंड! ही कल्पना इंग्रजांच्या दप्तरातली आहे. ज्या समाजांना १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, आणि ज्यांची त्यातून सुटका १९५२ साली झाली, त्यांना या कल्पनेची ओळख करून द्यावयास नको. एकाचा अपराध आणि सर्वांना शिक्षा, ही जातिव्यवस्थेचीही रीत होती. एकाने पाणवठ्याला हात लावावा आणि साऱ्या महारवाड्याने मार खावा, हे आपल्या आजोबांनी भोगले आहे.

२०१८ साली सामुदायिक दंडाची आणि कुटुंबाला गोवणारी तरतूद काढावी लागली, आणि पिण्याच्या पहिल्या गुन्ह्याला ५०,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद, अशी सोय झाली. ज्याच्याजवळ ५०,००० रुपये आहेत तो घरी जातो. ज्याच्याजवळ नाहीत तो तीन महिने आत जातो. २०२२ साली हा दंड २,००० ते ५,००० रुपयांवर आणावा लागला, कारण न्यायालये या खटल्यांनी तुडुंब भरली होती. डिसेंबर २०२१ मध्ये देशाचे तत्कालीन सरन्यायाधीश रमणा यांनी, परिणामांचा विचार न करता केलेल्या कायद्याचे उदाहरण म्हणून जाहीरपणे बिहारच्या दारूबंदीचे नाव घेतले. २०२४ साली पाटणा उच्च न्यायालयाने लिहिले की, ही बंदी पोलीस व अबकारी खात्यातील लोकांना पैशाचे साधन झाली आहे. आणि बड्या तस्करांवरील खटले गरीब पिणाऱ्यांवरील व विषारी दारूच्या बळींवरील खटल्यांच्या मानाने थोडे आहेत. हे मत रस्त्यावरच्या आंदोलकाचे नव्हे, उच्च न्यायालयाचे आहे.

दारूचे हे असे, तर गांजा-अफूच्या कायद्याचे काय? १९८५ चा अंमली पदार्थांचा केंद्रीय कायदा दारूबंदीहून दसपट कठोर आहे. कलम ३५ आरोपीच्या मनात गुन्हेगारी हेतू होता असे गृहीत धरते. कलम ५४ माल जवळ सापडल्यावरून गुन्हा गृहीत धरते. कलम ३७ म्हणते की, मोठ्या प्रमाणातील मालाच्या खटल्यात, आरोपी निर्दोष आहे असे मानण्यास वाजवी कारण असल्याची न्यायाधीशाची खात्री पटल्यावाचून जामीन देऊ नये. म्हणजे खटला सुरू होण्यापूर्वीच निर्दोषित्व दाखवावयाचे! गांजाच्या बाबतीत मोठे प्रमाण म्हणजे २० किलो. शिक्षा किमान दहा वर्षे. गाडीच्या मालकाचे नाव कागदात नसते, आणि मजुरीवर गाडी हाकणारा किंवा पोते उचलणारा कच्च्या कैदेत वर्षानुवर्षे कुजतो.

याहून भयंकर गोष्ट कबुलीजबाबाची. अनुच्छेद २० सांगतो की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यावयास भाग पाडता येणार नाही. पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा तर इंग्रजी राजवटीतल्या पुरावा कायद्याचाही नियम. पण अंमली पदार्थांच्या खटल्यांत, तपास अधिकारी हा पोलीस अधिकारी नव्हे अशी पळवाट काढून, कलम ६७ खाली त्याने घेतलेले कबुलीजबाब माणसांना दोषी ठरविण्यास वापरले गेले. २९ ऑक्टोबर २०२० रोजी, तोफान सिंग खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ही पळवाट बुजविली. कायदा झाला १९८५ साली; चूक दुरुस्त झाली २०२० साली. मधल्या पस्तीस वर्षांत अशा जबाबांवर ज्यांनी जन्माची वर्षे तुरुंगात घालविली, त्यांना ती कोण परत करणार?

आणि याच कायद्यात एक मौज आहे. गांजाच्या झाडाचा शेंडा गुन्हा आहे, पण शेंड्यावाचूनचे पान व बी कायद्याच्या व्याख्येबाहेर आहे. पानाची भांग होते. काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने आहेत, आणि सणाला ती प्रतिष्ठितांच्या घरी प्रसाद म्हणून फिरते. एकाच झाडाचे पान धर्म आणि शेंडा दहा वर्षांची सक्तमजुरी! आरोग्य हाच जर निकष, तर ही रेषा वैद्याने काढली की पुरोहिताने, असा प्रश्न अनुच्छेद १४ ने विचारावयास हवा.

अमेरिकेचा दाखला येथे उपयोगी आहे. तेथील केंद्र सरकारचे अधिकार घटनेने मोजून दिलेले आहेत. म्हणून दारूबंदी करावयाची तेव्हा त्यांनी आधी घटनाच बदलली. १९१९ साली अठरावी दुरुस्ती मंजूर झाली, पुढच्या वर्षी बंदी आली, आणि चोरट्या धंद्याचा व टोळीराज्याचा अनुभव घेऊन १९३३ साली एकविसाव्या दुरुस्तीने ती उठविली. पण १९७० साली इतर मादक द्रव्यांवर केंद्रीय बंदी घातली तेव्हा घटनादुरुस्ती कोणीच केली नाही. राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याचा अधिकार तेवढा पुढे केला. २००५ च्या रेच खटल्यात कॅलिफोर्नियातील आजारी स्त्रिया त्यांच्या राज्याच्या कायद्याने औषध म्हणून परवानगी असलेला गांजा वापरीत होत्या. तो बाजारात गेला नव्हता, राज्याची सीमा ओलांडली नव्हती. तरीही बहुमताने तो केंद्राच्या व्यापारविषयक अधिकारात बसविला गेला. आपल्याकडे विधिमंडळाला अधिकार आहे की नाही, हा वाद फारसा उरत नाही. पण अमेरिकेचाच १९६२ चा रॉबिन्सन निकाल आपल्या उपयोगाचा आहे. व्यसनी असणे हाच गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. व्यसन हा आजार आहे. आजाराची शिक्षा ही क्रूर शिक्षा होय. आपल्या १९८५ च्या कायद्याने सेवनालाही कैद ठेवली आहे आणि उपचार घेऊ पाहणाऱ्या व्यसनीला खटल्यातून सूट देणारे कलमही ठेवले आहे. तुरुंगाचे दार रुंद आहे. उपचाराचे दार खेड्यातल्या माणसाला दिसतही नाही.

आता आपल्या भगिनींचा आक्षेप. तो सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे हा भ्याडपणा होईल. त्या म्हणतील, वकीलसाहेब, तुमचे अनुच्छेद तुमच्यापाशी ठेवा. नवऱ्याने मजुरी गुत्त्यावर उडविली आणि घरी येऊन मारले, तेव्हा तुमची घटना कोठे होती? चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायकांनी याच त्राग्याने मोर्चे काढले, आणि २०१५ साली तेथे जिल्हाबंदी झाली. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी जेथे दीक्षा दिली ते हेच चंद्रपूर. तेव्हा त्या मोर्च्यांत आपल्या आयाबहिणीही असणारच. २०२१ साली सरकारने बंदी उठविली, आणि कारण दिले ते बेकायदा दारूचे व वाढत्या गुन्ह्यांचे. बायकांच्या पदरी पहिल्यांदा चोरटी दारू पडली आणि नंतर उघडी.

भगिनींनो, तुमचे दुःख खरे आहे आणि तुमची मागणीही न्याय्य आहे. गावातले दुकान बंद करण्यासाठी उभ्या-आडव्या बाटलीचे मतदान तुम्हीच मिळविले. दुकान बंद करणे हे व्यापाराचे नियमन होय. दारूच्या धंद्याला मूलभूत हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे, आणि मला ते पूर्णपणे मान्य आहे. मारणाऱ्या नवऱ्याला आवरण्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. त्यात संरक्षणाचा आदेश मिळतो, राहत्या घराचा हक्क मिळतो, खर्चासाठी पैसे मिळतात. तो कायदा मारणाऱ्या हाताला पकडतो. दारूबंदीचा शिपाई तोंडाचा वास पकडतो. वास घेऊन गेलेल्या नवऱ्याच्या जामिनासाठी मंगळसूत्र गहाण कोण टाकते? तुम्हीच ना? दारू न पिता मारणारा नवरा त्या शिपायाच्या लेखी निर्दोष आहे, हेही ध्यानात घ्या.

२०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क हा अनुच्छेद २१ चा भाग ठरविला आणि त्यावर बंधन घालावयाचे तर ते कायद्याने, योग्य हेतूसाठी आणि हेतूच्या प्रमाणात असले पाहिजे, असे सांगितले. या तराजूत धंद्यावरचा निर्बंध टिकेल. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्याची शिक्षा टिकेल. कोवळ्या मुलांना नशा विकणाऱ्याची शिक्षा टिकेल, आणि टिकलीच पाहिजे. पण पुराव्याचे ओझे आरोपीवर टाकणारे गृहीतक, निर्दोषित्व दाखविल्याखेरीज न मिळणारा जामीन आणि दुसऱ्याला अपाय न करणाऱ्या व्यसनीची कैद ही त्या तराजूत टिकू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. न्यायालयांनी यातील काही गोष्टी आजवर चालू दिल्या आहेत. त्याला उत्तर एवढेच की, तोफान सिंगच्या आधी तो कबुलीजबाबही चालू होता.

कायदा बदलेपर्यंत आपल्या माणसांनी हे लक्षात ठेवावे. अंमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यावयाची असेल, तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमक्ष झडती मागण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे, आणि तो हक्क आरोपीस सांगणे बंधनकारक आहे, असा घटनापीठाचा २०१० चा निकाल आहे. २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण झाले पाहिजे. ते झाले काय, हे विचारावे. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नये. अटकेपासून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि कोठडीतील कोणताही मनुष्य मोफत वकील मिळण्यास पात्र आहे. धर्म बदलल्याने हा हक्क जातो, अशी भीती काही नवदीक्षित कुटुंबांना घातली जाते. ती खोटी आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा, जातीचा दाखला जोडावा आणि धर्माच्या रकान्यात बौद्ध असेच लिहावे.